इंजिनचा दिवा, लॅपटॉप आणि केबल : खर्च किती, कटकट किती

पावसाळ्यात संध्याकाळी सहाच्या सुमारास तळवडे चौकातून चाकणकडे निघालेला माणूस गाडी चालवत नसतो, गाडीत बसलेला असतो. बघायला समोर मीटरशिवाय काही नसतं. गेल्या जुलैत मी असाच बसलो होतो आणि माझ्या २०१४ च्या डिझेल हॅचबॅकच्या मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा लागला. आवाज नाही, धूर नाही, ओढ मात्र जरा कमी. दुसऱ्या दिवशी गॅरेजात गाडी नेली. पोराने स्कॅनर लावला, कोड वाचला आणि निकाल दिला, ‘हवेचा सेन्सर गेलाय साहेब. साडेसहा हजार. उद्या बसवून देतो.’ स्कॅनिंगचे आठशे वेगळे.

आठशे देऊन, सेन्सर न बदलता मी घरी आलो. डोक्यात किडा वळवळायला लागला होता. लॅपटॉप घरी पडून आहे, केबल ऑनलाइन मिळते, सॉफ्टवेअर फुकट आहे म्हणतात, मग हे आपल्याला का जमू नये? पुढच्या तीन आठवड्यांत किती पैसे पाण्यात गेले आणि किती कामी आले, त्याचा हा हिशेब.

हा नाद आमच्या भागात बऱ्याच जणांना आहे आणि त्यात नवल नाही. पिंपरीत टाटांचा कारखाना, आकुर्डीत फोर्स आणि बजाज, चाकणला फोक्सवॅगन, महिंद्रा, मर्सिडीज. खुद्द तळवड्यात एका अंगाला आयटी पार्क, दुसऱ्या अंगाला ज्योतिबानगरच्या पत्र्याच्या शेड. आमच्या सोसायटीत सॉफ्टवेअरवाला आणि वायरिंग हार्नेसवाला एकाच जिन्यात राहतात. तरी गाडीला लॅपटॉप जोडायचा म्हटला की दोघंही अडकतात. एकाला विंडोज कळतं, दुसऱ्याला गाडी, आणि घोडं पेंड खातं ते नेमकं दोघांच्या मधल्या केबलमध्ये.

खाली दिलेले भाव मी स्वतः मोजलेले किंवा निगडी, चिखली, भोसरीकडे विचारलेले आहेत. ऑनलाइन सेल आणि डॉलर यांच्या लहरीप्रमाणे ते इकडेतिकडे होतील. अंदाज बांधायला मात्र पुरेसे आहेत.

आधी पोर्ट शोधा, मग पाकीट काढा

स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या वर, बोटाने चाचपून बघा. सोळा पिनांचं, वरची बाजू रुंद आणि खालची अरुंद असलेलं कप्लर लागेल. काही गाड्यांत ते फ्यूजबॉक्सच्या झाकणामागे दडवलेलं असतं. हाच ओबीडी पोर्ट. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून तो सक्तीचा झाला. आपल्याकडे बीएस-४ बरोबर १ एप्रिल २०१० पासून या यंत्रणेचा पहिला टप्पा आला आणि १ एप्रिल २०१३ पासून दुसरा. कोणत्याही कंपनीच्या गाडीचे मूळ कोड एकाच भाषेत वाचता यावेत, ही सोय या दुसऱ्या टप्प्याची.

इथे एक गोम आहे. २०१० साली बीएस-४ फक्त तेरा शहरांत लागू झालं. त्यात पुणे होतं, सोलापूरही होतं. उरलेल्या देशात ते २०१७ पर्यंत टप्प्याटप्प्याने पोचलं. म्हणून इथली २०१४ ची एमएच-१४ पासिंगची गाडी आणि त्याच साली दुसऱ्या जिल्ह्यात पासिंग झालेली तीच गाडी आतून एकसारखी असेलच असं नाही. जुनी गाडी बाहेरून आणली असेल तर बीएस-३ आहे की बीएस-४ ते आधी पाहा. पोर्ट दिसतो, केबल बसते, पण गाडी सर्वसाधारण सॉफ्टवेअरशी एक अक्षर बोलत नाही, अशा २०१३ च्या आधीच्या गाड्या भरपूर आहेत. त्यांच्यासाठी काहीही विकत घेण्याआधी ओळखीच्या कुणाचा अडॅप्टर पाच मिनिटं लावून बघा. त्याला खर्च एक चहा.

बीएस-६ मोटरसायकलींना बहुतेक ठिकाणी सहा पिनांचं लाल कप्लर असतं. त्यासाठी सहाचं सोळा करणारी छोटी जोडवायर तीन-चारशे रुपयांत मिळते. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी मात्र साध्या स्कॅनरच्या फंदात पडू नये. ही सगळी भाषा मुळात धुरावर लक्ष ठेवण्यासाठी बनली, आणि तुमच्या गाडीला धूरच नाही.

केबलचा भाव आणि केबलची लायकी

बाजारात सगळ्यात स्वस्त मिळतो तो निळा किंवा काळा, काडेपेटीएवढा ब्लूटूथ अडॅप्टर. तीनशेपासून आठशेपर्यंत. त्यावर ‘ईएलएम ३२७’ असं छापलेलं असतं. हे नाव कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्स या छोट्या कंपनीच्या चिपचं. तिच्या पहिल्या आवृत्तीला नक्कल रोखणारं कुलूप लावलेलं नव्हतं, ती उचलली गेली आणि जगभर नकलांचा पूर आला. मूळ कंपनी २०२२ मध्ये बंद झाली, नकला जोरात आहेत. गंमत म्हणजे आपल्याकडे ‘१.५ व्हर्जन, ओरिजिनल’ म्हणून जे विकतात, ते १.५ त्या कंपनीने कधी काढलंच नव्हतं. तरी ‘१.५’ छापलेल्या नकला बऱ्यापैकी चालतात. ‘२.१’ छापलेल्या स्वस्त नकलांत बऱ्याच आज्ञा गाळलेल्या असतात. व्हर्जनचा आकडा मोठा म्हणून माल चांगला, हा आपला हिशेब इथे उलटा पडतो. माझे पहिले साडेचारशे इथेच गेले.

लॅपटॉपवर काम करायचं तर ब्लूटूथपेक्षा यूएसबी केबल बरी. नक्कल असली तरी चांगल्या चिपची यूएसबी केबल १,२०० ते १,८०० मध्ये मिळते. माझी १,४०० ची. फोर्ड किंवा माझदासाठी घेत असाल तर बाजूला छोटा स्विच असलेली घ्या. या गाड्यांत इंजिनची लाइन ६ आणि १४ नंबरच्या पिनांवर असते, तर दरवाजे-मीटर-एसीची दुसरी लाइन ३ आणि ११ वर. स्विच फिरवला की केबल दुसऱ्या लाइनवर जाते. ब्रँडेड परदेशी अडॅप्टर हवा असेल तर मूळ किंमत साठ ते दीडशे डॉलर, आणि कुरिअर-कस्टम धरून हातात पडेपर्यंत सात ते पंधरा हजार. एका गाडीसाठी एवढे घालवणं माझ्या मते उधळपट्टी आहे.

आणखी एका केबलपासून सावध राहा. निळी, पारदर्शक टोकाची, ‘व्हॅग कॉम ४०९.१’ या नावाने सात-आठशेला मिळते. फोक्सवॅगन-स्कोडाची केबल म्हणून विकणारा खोटं बोलत नाही, अर्धं खरं बोलतो. ती ७ नंबरच्या पिनवरून जुन्या के-लाइनवर बोलते. चाकणच्या कारखान्याचं उद्घाटन २००९ साली झालं आणि तिथून निघालेली पोलो कॅन लाइनवर बोलते. त्या गाडीला ही केबल म्हणजे बहिऱ्यापुढे सनई.

सॉफ्टवेअर : फुकट, विकत आणि चोरीचं

फक्त कोड वाचायचे, पुसायचे, आणि इंजिन चालू असताना तापमान, आरपीएम, हवेचा प्रवाह बघायचा, एवढ्यासाठी रुपयाही लागत नाही. ‘ओबीडी ऑटो डॉक्टर’सारख्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती पुरते. फोर्डवाल्यांचं नशीब याहून चांगलं. कंपनीने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं, तेव्हापासून फिगो-इकोस्पोर्टवाल्यांत ‘फोरस्कॅन’ची चलती आहे. विंडोजवर ते मोफत चालतं. गाडीची सेटिंग बदलण्यासाठी वेगळं लायसन्स लागतं, पण तेही महाग नाही.

फोक्सवॅगन-स्कोडासाठी अमेरिकेतल्या रॉस-टेकचं ‘व्हीसीडीएस’. हे नीट समजून घ्या, कारण फसवणूक सगळ्यात जास्त इथे होते. सॉफ्टवेअर कंपनीच्या साइटवरून कुणालाही फुकट उतरवता येतं. लायसन्स असतं ते केबलच्या पोटात. कंपनीची स्वतःची केबल दोनशे डॉलरच्या आसपास सुरू होते, त्यात तीन गाड्यांची मर्यादा असते, आणि कस्टम धरून वीस-बावीस हजारांच्या खाली ती घरी येत नाही. ‘व्हीसीडीएस फुल व्हर्जन, अडीच हजार’ अशी जाहिरात दिसली तर ती नकली केबल आणि कुलूप तोडलेलं सॉफ्टवेअर आहे, यात शंका नको. नवी आवृत्ती टाकली की ती केबल मुकी होते. म्हणूनच विकणारा बजावतो, ‘काका, इंटरनेट चालू ठेवायचं नाही, अपडेट मारायचा नाही.’

माझीही अक्कल तिथेच गहाण पडली. गाडी वेगळी, गोष्ट तीच. एका ओळखीच्या पोराने पेन ड्राइव्हवर ‘डीलरचं सॉफ्टवेअर’ दिलं. टाकण्याची पहिली पायरी होती : अँटीव्हायरस बंद करा. मी केला. चार दिवसांनी लॅपटॉप रडायला लागला, ब्राउझर नको त्या पानांवर जायला लागला, आणि शेवटी फॉरमॅट मारण्याचे आठशे गेले. मुलीच्या दहावीच्या सहलीचे फोटो गेले ते निराळे. त्या लॅपटॉपवरून मी नेटबँकिंग करतो, हे बायकोला कळलं तेव्हा झालेला खर्च रुपयांत मोजता येत नाही.

कायद्याचं बोलायचं तर कॉपीराइट कायद्याचं ६३-ब हे कलम वाचून ठेवा. सॉफ्टवेअर चोरीचं आहे हे माहीत असताना वापरल्यास सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. धंद्यासाठी किंवा फायद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद माफ करून पन्नास हजारांपर्यंत दंडावर सोडू शकतं. घरगुती हौशीला पोलीस शोधत येतील असं मी म्हणत नाही. बोर्ड लावून स्कॅनिंगचे पैसे घेणाऱ्या गॅरेजवाल्याने मात्र हा आकडा केबलच्या किमतीत मिळवून बघावा.

लॅपटॉपबद्दल दोन ओळी. याला नवा लॅपटॉप लागत नाही. नूतनीकरण केलेला जुना ऑफिस लॅपटॉप बारा ते अठरा हजारांत मिळतो आणि पुरून उरतो. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा जुनं विंडोज ठेवायचंच असेल तर त्या यंत्रावर बँक, मेल काही ठेवू नका.

जोडलं, पण बोलत नाही

खरी कटकट इथून सुरू होते. ‘अनेबल टू कनेक्ट’ ही पाटी पाहिली की आपण सॉफ्टवेअर काढतो, पुन्हा टाकतो, पुन्हा काढतो. मी हे एका रविवारात सहा वेळा केलं. दोष सॉफ्टवेअरमध्ये नव्हताच. तपासायचा क्रम गाडीपासून लॅपटॉपकडे यायला हवा, आपण नेमके उलट जातो.

आधी इग्निशन ऑन करा. हसू नका, निम्मे फोन इथेच संपतात असं मला लॅपटॉप दुरुस्तीवाल्याने सांगितलं. मीटरचे दिवे लागले पाहिजेत, इंजिन सुरू नसलं तरी चालेल. मग अडॅप्टरवरचा दिवा बघा. तोच लागला नसेल तर लॅपटॉप बंद करा आणि फ्यूजबॉक्स उघडा. पुष्कळ गाड्यांत ओबीडी पोर्ट आणि सिगारेट लायटर यांचा फ्यूज एकच असतो. लायटरमध्ये शंभर रुपयांचा मोबाइल चार्जर घालून आपण तो कधी उडवला, हे आपल्याला पत्ताही नसतो. फ्यूज दहा रुपयांचा. खात्री करायची तर साधा मल्टिमीटर घ्या, तीनशे-चारशेला मिळतो. कप्लरकडे समोरून बघितलं की वरच्या रुंद ओळीत डावीकडून १ ते ८ आणि खालच्या ओळीत ९ ते १६. मीटरची लाल वायर १६ वर, काळी ४ वर. बारा व्होल्टच्या पुढे काहीतरी दिसलं पाहिजे. साडेबारा दिसले तर बॅटरी ठणठणीत. बाराच्या खाली गेले असतील तर आधी बॅटरी चार्ज करा, कारण अशक्त बॅटरीवर गाडी भलभलते कोड दाखवते आणि आपण त्यांच्यामागे धावतो.

गाडीकडून वीज येते आहे, आता लॅपटॉप. यूएसबी लावल्यावर डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि ‘पोर्ट्स’खाली बघा. तिथे कॉम ३, कॉम ५ असं काही दिसलं तर ड्रायव्हर बसलाय. पिवळं उद्गारचिन्ह दिसलं तर बसलेला नाही. या केबलांत यूएसबीचं सिरियल करणारी एक छोटी चिप असते आणि निम्मी रडारड तिचीच. सीएच-३४० असेल तर चिप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर घ्या, पाच मिनिटांचं काम. प्रोलिफिकची जुनी किंवा नकली चिप असेल तर नव्या विंडोजवर ‘कोड १०’ येतो, किंवा ही चिप २०१२ पासून बंद केली आहे अशी सूचनाच ड्रायव्हरच्या नावाच्या जागी झळकते. तेव्हा यादीतून जुना ड्रायव्हर हाताने निवडावा लागतो. एफटीडीआय चिपचा किस्सा तर अजब आहे. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये विंडोज अपडेटमधून आलेल्या तिच्या नव्या ड्रायव्हरने नकली चिपांचा ओळखक्रमांकच शून्य करून टाकला आणि लोकांच्या चालत्या केबल रातोरात मेल्या. ओरड झाल्यावर कंपनीने तो ड्रायव्हर मागे घेतला. ‘काल चालत होती, आज चालत नाही’ असं कुणी म्हणालं तर मधे अपडेट आलं होतं का, हे विचारायचं ते यासाठी.

‘ड्रायव्हर अपडेटर’ नावाचं काहीही उतरवू नका. त्याने ड्रायव्हर सोडून बाकी सगळं येतं.

पोर्ट दिसतोय, तरी सॉफ्टवेअरला सापडत नाही? पोर्टचा नंबर बघा. कॉम १४ सारखा मोठा नंबर जुन्या सॉफ्टवेअरला दिसत नाही. पोर्टच्या प्रगत सेटिंगमध्ये जाऊन तो नऊच्या आत आणा. वेग बहुतेक नकली केबलांना ३८४०० लागतो. ९६०० किंवा १,१५,२०० वर ठेवलात तर समोरून कचरा अक्षरं येतील किंवा काहीच येणार नाही. एफटीडीआय चिप असेल तर त्याच पानावर ‘लेटन्सी’ १६ असते, ती १ करा, आकडे झरझर येतात. आणि दोन सॉफ्टवेअर एकाच वेळी उघडी ठेवू नका. एकाने पोर्ट धरला की दुसऱ्याला तो मिळत नाही, आणि तसं ते स्पष्ट सांगतही नाही.

ब्लूटूथवाल्यांसाठी : पिन १२३४, नाही चालला तर ००००. जोडी जमल्यावर विंडोज दोन पोर्ट दाखवतं, एक येणारा, एक जाणारा. जाणारा निवडा. इथे माझी पूर्ण दुपार गेली. वायफायवाला अडॅप्टर असेल तर लॅपटॉप त्याच्या नेटवर्कला जोडावा लागतो, म्हणजे तेवढा वेळ इंटरनेट नाही. बहुतेकांचा पत्ता १९२.१६८.०.१० आणि पोर्ट ३५०००, तो सॉफ्टवेअरमध्ये हाताने टाकायचा.

एवढं करूनही नाही जमलं तर केबल दुसऱ्या गाडीला लावून बघा. तिथे चालली तर तुमच्या गाडीचा प्रोटोकॉल किंवा वायर, नाही चालली तर केबल. परत करण्याची मुदत संपण्याआधी हे बघा. मी अकराव्या दिवशी बघितलं, मुदत दहा दिवसांची होती.

ज्यांना यातलं काहीच करायचं नाही, त्यांना लॅपटॉपचा ताबा दुरून घेऊन सॉफ्टवेअर टाकून देणारे लोक पाचशे ते हजारात मिळतात. ड्रायव्हर बसवण्यापुरते ते ठीक. पण ताबा देण्याआधी बँकेची, मेलची सगळी पानं बंद करा, समोर बसून राहा आणि काम झालं की ते दुरून चालवायचं सॉफ्टवेअर काढून टाका.

कोड आला, पुढे काय

माझ्या गाडीत कोड निघाला पी०१०२. हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या सर्किटमध्ये सिग्नल कमी. गॅरेजने वाचला होता तोच, म्हणजे त्यांनी खोटं काही सांगितलं नव्हतं. पण शब्द नीट वाचा, कोड ‘सर्किट’ म्हणतो. सर्किटमध्ये सेन्सर आला, कप्लर आलं आणि वायर आली. रुपीनगरच्या बाजूला बसणारे एक म्हातारे ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत, त्यांना विचारलं तर म्हणाले, ‘अहो, कोड म्हणजे पंचनामा. चोरी कुठे झाली ते लिहिलेलं असतं, चोर कोण ते नसतं.’ त्यांनी बॉनेट उघडून कप्लरची रबरी नळी मागे सारली. आत वायर कुरतडलेली. पावसाळ्यात उंदीर ऊब शोधत इंजिनावर येतात, ही गोष्ट कुठल्याच सॉफ्टवेअरला माहीत नसते. वायर जोडून, नळी चढवून, टेप मारून साडेतीनशे घेतले.

कोड पुसण्याची घाई करू नका. दिवा लागला त्या क्षणी आरपीएम किती, इंजिन किती गरम, गाडीवर लोड किती, याचं एक टिपण गाडी स्वतःजवळ ठेवते. त्याला ‘फ्रीझ फ्रेम’ म्हणतात. कोड पुसला की तेही जातं आणि मेस्त्रीला अंधारात चाचपडावं लागतं. आधी मोबाइलवर स्क्रीनचा फोटो काढा. जुनी गाडी विकत घ्यायला जाताना हेच उलटं वापरा. कोड एकही नाही, पण तपासणीच्या सगळ्या खुणा ‘अपूर्ण’ दाखवत असतील तर काल-परवाच कुणीतरी पुसून गाडी उभी केली आहे किंवा बॅटरी काढली होती. विक्रेत्याकडे आधी खुलासा मागा, भावाचं नंतर.

एक गोष्ट घरच्या लॅपटॉपवर अजिबात करायची नाही : ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनच्या कंप्युटरमध्ये, काही लिहिणं. वाचणं वेगळं, लिहिणं वेगळं. लिहिताना मधेच व्होल्टेज पडलं किंवा केबल हलली तर ईसीयू बसतो, आणि त्याची किंमत पंचवीस-तीस हजारांपासून पुढे आहे. गुरुवारी तर चार्जरवर बसून असलं काही करूच नका. आपल्याकडे गुरुवारी लाइट कधी जाते, हे मी तळवडेकरांना सांगायला नको.

गॅरेजवाल्यांचं गणित

छोट्या गॅरेजला हौशीची केबल पुरत नाही, कारण गिऱ्हाईक एबीएस आणि एअरबॅगचे दिवे घेऊन येतं आणि साधी केबल बहुतेक वेळा इंजिनापुरतीच बोलते. अनेक कंपन्यांच्या गाड्या वाचणारा टॅबलेट स्कॅनर पस्तीस हजारांपासून लाखाच्या पुढे जातो. घेताना दर वर्षीचं अपडेट किती रुपयांचं, हे आधी विचारा. खरेदी एकदाच होते, अपडेट दर वर्षी येतं. दिवसाला दोन गाड्या, गाडीमागे पाचशे, महिन्याचे पंचवीस दिवस धरले तरी साठ हजारांचा स्कॅनर तीन महिन्यांत निघतो. दिवसाला दोन गाड्या येत नसतील तर शेजारच्या गॅरेजबरोबर भागीत घ्या, आमच्याकडे दोघांनी घेतलाय आणि अजून भांडलेले नाहीत.

कंपन्यांचं स्वतःचं सॉफ्टवेअर बाहेरच्या गॅरेजला सहज मिळत नाही, ही तक्रार जुनी आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि तपासणीची साधनं खुल्या बाजारात येऊ न दिल्याबद्दल. टाटा, महिंद्रा, फोक्सवॅगन, स्कोडा, मर्सिडीज, म्हणजे आपल्याच पट्ट्यात कारखाने असलेल्या कंपन्या त्या यादीत होत्या. कंपन्या अपिलात गेल्या. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनं हा एक विभाग आहे. गाडीची माहितीपुस्तिका, वॉरंटी, अधिकृत दुरुस्ती यांची माहिती तिथे शोधता येते. डीलरचं सॉफ्टवेअर मात्र तिथेही मिळत नाही.

केबल फसवी निघाली आणि दुकानदार हात वर करत असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. गॅरेजवाल्याने धंद्यासाठी घेतलेल्या स्कॅनरचं काय? स्वतःच्या पोटापाण्याच्या स्वयंरोजगारासाठी घेतला असेल तर कायदा त्यालाही ग्राहकच मानतो. या सगळ्याला बिल लागतं. जीएसटी वाचवायला बिल सोडलंत तर अठरा टक्के वाचतात आणि शंभर टक्के दावा जातो.

आता माझी बेरीज. गॅरेजचं स्कॅनिंग ८००, फसवा ब्लूटूथ ४५०, फॉरमॅट ८००, यूएसबी केबल १,४००, मल्टिमीटर ४००, वायर जोडणं ३५०, उंदरांसाठी बॉनेटखाली लावलेली जाळी १५०. एकूण ४,३५०. त्यातले साडेबाराशे, म्हणजे ब्लूटूथ आणि फॉरमॅटचे, निव्वळ मूर्खपणाचे. वर्षाला एकदा दिवा लागणाऱ्या माणसाने केबल घेऊच नये, चारपाचशेत स्कॅनिंग करणारं गॅरेज शोधावं आणि कोड कागदावर लिहून मागावा. घरात दोन-तीन गाड्या असतील, किंवा हात शिवशिवत असतील, तर पंधराशेची यूएसबी केबल, मोफत सॉफ्टवेअर आणि मल्टिमीटर यापुढे जाऊ नये.

दिवा परत लागलेला नाही. गाडीत सेन्सर २०१४ चाच आहे.